मस्कत नको, निझवा!

परदेशातून परत येताना लोक सोनं आणतात, टेपरेकॉर्डर आणतात, ब्लँकेटं आणतात. आम्ही तिघं सात वर्षं ओमानच्या वाळवंटात राहून आलो आणि गोष्टी घेऊन आलो. बॅगेत मावत नव्हत्या, पण कस्टमवाल्यांनी एकीलाही हात लावला नाही!

आता काय होतं, नाना धुळ्याहून आले, आबा रावेरकडून आले, की आम्ही सकाळी मेहरूण तलावावर चक्कर मारतो आणि माझ्या घरी येऊन बसतो. मी एक सांगायला घेतली की आबांना दुसरी आठवते, नाना तिसरीच पूर्ण करतात. माझी बायको मंगल गॅसवर पातेलं ठेवतानाच विचारते, "आज किती गोष्टी आहेत? त्या हिशेबाने चहा टाकते!"

आधी माणसं सांगतो. आबा आमच्यात वडीलधारे. रावेर तालुक्यातले, केळीच्या बागांमध्ये वाढलेले, पंपाचे फिटर. बिघडलेल्या पंपाला कान लावून दुखणं सांगणारे. नाना साक्री तालुक्यातले, पांझरा नदीच्या काठचे. धुळ्याला पाईप जोडणीचं काम करायचे. बोलणं अस्सल अहिराणी. आणि मी दिलीप, जळगावचा, इलेक्ट्रिशियन. ऐंशीच्या दशकाच्या शेवटाकडे आम्हाला तिघांना एकाच कंपनीत, एकाच दिवशी नोकरी लागली. ओमानमध्ये गावोगावी पिण्याच्या पाण्याची लाईन टाकायची होती.

* * *

ती नोकरी कशी लागली, तिथूनच सुरू करतो.

पाईप आणि पंपातली माणसं हवी होती, म्हणून कंपनीचा गोरा साहेब थेट जळगावला आला. आणि आला कधी, तर मे महिन्यात! विश्रामगृहावर मुलाखती. बाहेर आम्ही पंचवीस-तीस जण लिंबाखाली बसलेलो. साहेबाला म्हणे एकच गोष्ट तपासायची होती, ही माणसं वाळवंटातलं ऊन सोसतील का?

बाराच्या सुमारास आबांचा नंबर लागला. आबा आत गेले, खुर्चीवर बसले आणि तेवढ्यात वीज गेली. पंखा थांबला. साहेबाने टाय सैल केला. मग कोट काढला. मग पाणी प्यायला. मग प्रश्न विचारायला तोंड उघडलं आणि टेबलावर आडवाच झाला!

आबांनी हाक मारली, "दिलीप, धाव रे! साहेबाले ऊन लागलं!"

मी धावलो. आबांनी साहेबाला जमिनीवर निजवलं, गळ्यातलं उपरणं माठात बुडवून कपाळावर ठेवलं, खानसाम्याकडून कैरीचं पन्हं करून आणलं आणि चमच्या-चमच्याने पाजलं. अर्ध्या तासाने साहेबाने डोळे उघडले. पण माणूस कामाचा पक्का! पडल्या-पडल्याच त्याने पहिला प्रश्न विचारला. उष्ण हवामानात काम करायचा किती वर्षांचा अनुभव आहे?

मी आबांना मराठीत सांगितलं.

आबा म्हणाले, "त्याले सांग, जन्मल्यापासून!"

* * *

नोकरी पक्की झाली आणि महिन्याभराने एक फॉर्म आला. राहणार कुठं? तीन पर्याय. एक, मस्कत शहरात फ्लॅट. दोन, साईटजवळ कॅम्प, एसी लावलेल्या केबिन. तीन, डोंगरापलीकडे निझवा नावाच्या जुन्या गावात भाड्याचं घर. खाली ठळक अक्षरात लिहिलेलं की एकदा ठरवल्यावर दोन वर्षं बदल नाही.

आता आली का पंचाईत! यातलं एकही ठिकाण कुणी पाहिलेलं नाही. आम्ही तिघं धुळ्याला नानांच्या खोलीवर जमलो. मी म्हणालो मस्कत, शहर आहे, सगळं मिळेल. आबांचं मन कॅम्पकडे, कामाच्या जवळ. दोन तास वाद चालला होता.

कोपऱ्यात नानांचे वडील बसले होते. मुलगा परदेशी चालला म्हणून गावाकडून आलेले. सगळं शांतपणे ऐकत होते. शेवटी त्यांनी एकच विचारलं.

"पानी कठून येस?"

हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं!

"पानी कठून येस हाई मालूम नही, आनी घर निवडी ऱ्हायनात?" म्हातारा हसायला लागला.

मी त्याच संध्याकाळी कंपनीला इंग्रजीत पत्र लिहिलं की तिन्ही ठिकाणी पाण्याचा स्रोत काय, ते कृपया कळवावं. पुढे ओमानला गेल्यावर राहण्याची व्यवस्था बघणारे थॉमससाहेब भेटले, मूळचे केरळचे. ते म्हणाले, "शेकड्याने पत्रं आली. एसी आहे का, फ्रीज आहे का, व्हिडिओ आहे का. पाणी कुठून येतं हे विचारणारे तुम्ही पहिले!"

उत्तर आलं. मस्कतला समुद्राचं पाणी मीठ काढून येतं. कॅम्पला टँकर. निझव्याला डोंगरातून जुना कालवा येतो, शेकडो वर्षं चालू आहे, आटलेला नाही.

नानांनी गावी जाऊन वडिलांना वाचून दाखवलं. म्हातारा टँकरपाशी अडला.

"टँकरनं पानी पेवाले इतला लांब कसाले जावानं? ते ते अठेच येस!"

नानांच्या फॉर्मवर निझवा लिहिलं गेलं.

* * *

मी आणि आबांनी मात्र लिहून पाठवलं की आधी बघू, मग ठरवू. थॉमससाहेबांनी ते मान्य केलं आणि ऑगस्टमध्ये आम्हाला तिघांनाही आठवडाभर मस्कतच्या फ्लॅटवर उतरवलं.

फ्लॅट झकास! गुळगुळीत फरशी, भिंतीत एसी, खिडकीतून समुद्राची निळी रेघ. मी मनातल्या मनात मंगलला पत्र लिहायला सुद्धा घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आबा म्हणाले, "चला, गाव पाहून येऊ." आम्ही तिघं बाहेर पडलो. शंभर पावलं चाललो असू. सदरा अंगाला चिकटला. पुसला तरी घाम, उभं राहिलं तरी घाम, सावलीत गेलं तरी घाम! समुद्राची दमट हवा, वारा म्हणून नाही. आमच्या जळगावला पारा कितीही चढू दे, घाम आला की वाळतो. अंगावर मीठ उरतं, पण माणूस कोरडा असतो.

आबा रस्त्याच्या मधोमध थांबले. सदरा काढून पिळला. खरंच पिळला! रस्त्यावर पाणी पडलं. आजूबाजूचे लोक बघायला लागले.

"दिलीप," आबा म्हणाले, "घाम वाळत नाही अशा गावात माणूस राहत नाही. मासा राहतो!"

सदरा तसाच खांद्यावर टाकून ते फ्लॅटवर परतले आणि वळकटी बांधायला बसले. मस्कतचा निकाल तिथेच लागला. थॉमससाहेब म्हणाले, "निझव्याला ऊन जास्त आहे. सहा महिन्यांत एसीसाठी माझ्याकडे फॉर्म घेऊन याल!"

* * *

निझवा मस्कतपासून दोन-सव्वादोन तासांवर. चारी बाजूंनी उघडे डोंगर, मध्ये खजुरीची हिरवीगार बाग, बागेच्या कडेला जुनं गाव. वारा कोरडा, भट्टीतून यावा तसा. आबांनी गाडीतून डोकं बाहेर काढलं, दीर्घ श्वास घेतला आणि म्हणाले, "हां! आता कसं घरी आल्यासारखं वाटून राह्यलं!"

घर दाखवायला एक दलाल बरोबर होता. त्याने आधी नवी सिमेंटची घरं दाखवली. एक तर मोठ्या काचांचं, पश्चिमेला डोंगर दिसेल असं. दलाल देखाव्याचं कौतुक करत होता. आबा देखावा बघेनात. ते भिंती बघत होते. प्रत्येक भिंतीला तळहात लावायचे, जरा वेळ तसाच ठेवायचे, डॉक्टर पोरांचा ताप बघतो तसे! दुपारचे चार वाजलेले. पश्चिमेच्या भिंतीला हात लावला आणि चटकन मागे घेतला.

"हिच्यावर भाकर भाजता येईन," आबा म्हणाले.

अशी पाच घरं नापास झाली. दलाल वैतागला. शेवटी खजुरीच्या बागेच्या टोकाला आबांना एक जुनं मातीचं घर दिसलं. हातभर जाडीच्या भिंती, लहान खिडक्या, वर खजुरीच्या लाकडांवर माती टाकून केलेलं सपाट छप्पर. आमच्याकडचं धाब्याचं घर जसंच्या तसं! मालक सालेमचाचा पन्नाशी उलटलेला, उंच, पांढऱ्या दाढीचा. तरुणपणी बंदरावर काम केल्याने त्याला मोडकं हिंदी येत होतं. तो लाजला. म्हणाला, "ये पुराना है. हम लोग सिमेंट में गया. इसमें खजूर रखता है."

आबा वाकून आत शिरले.

आम्ही बाहेर थांबलो. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मी हाक मारली, उत्तर नाही. सालेमचाचा घाबरला. विंचवाबिंचवाने तर नाही ना गाठलं? आम्ही सगळे आत धावलो.

आबा जमिनीवर उताणे पसरले होते. टोपी छातीवर. घोरत होते!

सालेमचाचा बराच वेळ बघत राहिला. मग हळूच मला म्हणाला, "घर पसंद है?"

* * *

या घरावरून कॅम्पात आमची फार टिंगल व्हायची. "खजुराच्या कोठारात राहणारे" म्हणायचे. आबांनी सालेमचाचाबरोबर छपरावर नवी माती टाकली, मी वायरिंग केलं, तीन पंखे लावले. एसी नाही. टिंगल आणखी वाढली.

दुसऱ्या वर्षी ऑगस्टमध्ये कॅम्पातला जनरेटर बसला. सुटा भाग यायला तीन दिवस लागणार होते. केबिन सगळ्या पत्र्याच्या! एसी बंद पडल्यावर सकाळी दहालाच आत पाऊल ठेवता येईना. माणसं ट्रकच्या सावलीत पडून होती. दोघांना चक्कर आली. साईटवरून नानांना हे कळलं. नाना आम्हाला विचारत बसले नाहीत. तिथल्या मुकादमाला सांगितलं, "बठ्ठास्ले गाडीमा घाल आनी आमना घर लई ये!"

दुपारपर्यंत आमच्या त्या घरात चाळीस माणसं! पंजाबी, मल्याळी, बलुची, दोन गोरे इंजिनीअर. ओसरीत, खोल्यांत, जिन्यावर. आबांनी दारं-खिडक्यांना गोणपाटं ओली करून लावली. मंगल तोवर आली नव्हती, म्हणून मी आणि नाना पिठलं ढवळत होतो. तीन दिवस सगळी माणसं राहिली आणि सगळी धडधाकट परत गेली.

पण सांगायचं ते वेगळंच. पहिल्या दिवशी सगळ्यात शेवटच्या गाडीतून थॉमससाहेब उतरले. शर्ट भिजलेला, चेहरा लालबुंद. दारात आबा उभे. आबांनी हात जोडून स्वागत केलं आणि आपल्या मोडक्या हिंदीत अगदी अदबीने विचारलं,

"आओ साहेब, आओ! फॉर्म लाए क्या?"

* * *

नानांची गोष्ट मात्र मी जरा दम खाऊन सांगतो.

नानांच्या गावाकडे पांझरेचं पाणी पाटाने शेतात येतं. कुणाला किती आणि कधी, हे ठरलेलं. त्यावर नजर ठेवणारा माणूस म्हणजे पाटकरी. नानांच्या घरात ते काम आजोबांपासून. आणि निझव्याच्या कालव्यालाही तीच रीत निघाली! डोंगरातून आलेलं पाणी, दगडी पाट, प्रत्येक बागेची पाळी. जमिनीत रोवलेल्या काठीची सावली बघून पाळी बदलायची. आणि ती सावली बघणारा कोण, तर आमचा घरमालक सालेमचाचा. नाना पहिल्याच दिवशी पाटाच्या काठावर बसले आणि पाण्यात पाय सोडून म्हणाले, "हाई ते आमनंच गाव शे!"

एका शुक्रवारी भर दुपारी गावातले सगळे पुरुष नमाजाला गेलेले. मी आणि आबा जेवून लवंडलो होतो. नाना बाहेर गेले ते तासभर परतले नाहीत. मी बघायला गेलो, तर नाना पाटात! कमरेपर्यंत पाण्यात बसलेले, पाठ दगडाला टेकवून, पाय समोरच्या भिंतीला रेटून.

झालं असं की आमच्या बाजूचा अडसराचा दगड सरकला होता आणि पाणी सालेमचाचाच्या बागेत घुसायला लागलं होतं. पाळी होती पलीकडच्या एका विधवा बाईची. दगड एकट्याने जागेवर बसेना, म्हणून नानांनी अंगातला सदरा काढून फटीत कोंबला आणि वर स्वतः बसले!

मी उतरून हात लावणार, तेवढ्यात नमाज सुटली. लोक आले. सालेमचाचा पुढे. त्याने फुटलेली बाजू बघितली, नाना बघितले आणि म्हणाला, "पानी मेरे बाग में आता था. तुम क्यूँ रोका?"

नाना दमले होते, हिंदी काही सुचेना. अहिराणीतच म्हणाले, "पाळी तुनी नव्हती ना!"

मी अर्थ सांगितला. दोन माणसांनी दगड बसवला, नानांना वर काढलं. सालेमचाचाने स्वतःच्या डोक्याचा रुमाल सोडून नानांचं अंग पुसलं.

पुढच्या शुक्रवारी सालेमचाचा दारात आला. नानांना हाताला धरून त्या काठीपाशी नेलं, सावलीच्या खुणा एकेक करून दाखवल्या आणि नमाजाला निघून गेला.

तेव्हापासून आम्ही परत येईपर्यंत, शुक्रवारी नमाजाच्या वेळी निझव्याचा तो पाट कोण सांभाळायचं? साक्री तालुक्याचे नाना!

* * *

मंगल आली ती तिसऱ्या वर्षी. खरं सांगतो, मला भीती होती. ती धुळ्याची, बी.ए. झालेली, लग्नाआधी शाळेत शिकवलेली. तिला मी मातीच्या घरात कसं ठेवू? कंपनीने कुटुंबवाल्यांसाठी मस्कतला मोठा फ्लॅट देऊ केला होता. तिथं मराठी मंडळी होती, गणपती बसायचा. मी तिला म्हणालो, "तू दोन्ही बघ. तू म्हणशील तिथं राहू. वाटलं तर मी रोज ये-जा करेन."

चार दिवस मस्कतच्या फ्लॅटवर राहिलो. तिला स्वयंपाकघर आवडलं. ओट्यावरून हात फिरवत होती. मी म्हटलं, संपलं, आता नाना-आबांचं तोंड फक्त कामावरच दिसणार.

मग तिला निझव्याला नेलं. गाडीतून ट्रंक उतरवली, ओसरीत ठेवली. मी किल्ली शोधत होतो. ट्रंकेचं कुलूप उघडायच्या आतच सालेमचाचाची बायको झैनबबाई हातात खजुराचं ताट आणि कॉफीची किटली घेऊन दारात हजर! मंगलने कुलूप उघडलं, वरचे बिबडे काढले. आमच्या खान्देशातले ज्वारीचे पापड हो! तिथल्या तिथे निखाऱ्यावर भाजून पुढे केले. झैनबबाईंनी तुकडा मोडला, खाल्ला, आणि बसल्या.

मला कामावर जायचं होतं. तीन तासांनी परत आलो तर दोघी अजून तिथेच! एक अरबीत बोलतेय, एक अहिराणीत. मध्येच दोघी हसतात, मध्येच मंगल "हो ना!" म्हणून मान हलवते.

झैनबबाई गेल्यावर मी विचारलं, "एवढं काय बोलत होतात?"

"त्यांच्या थोरल्या सुनेबद्दल."

"तुला अरबी कळलं?"

"सुनेबद्दल बोलायला भाषा कशाला लागते!"

मी जरा वेळाने चाचरत विचारलं, "बरं, मग फ्लॅटचं काय कळवायचं?"

मंगल ट्रंकेतून वांग्याचं बी काढत होती. मान वर न करता म्हणाली, "कुठला फ्लॅट?"

* * *

एका मे महिन्यात आम्ही तिघं सुटीवर घरी आलेलो. सालेमचाचाचं मुंबईला डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. बरं वाटल्यावर त्याने हट्ट धरला, तुमचा मुलुख बघायचा! मी मुंबईला जाऊन त्याला आणलं.

इकडे जळगावात धावपळ! पाहुणा उतरवायचा कुठं? माझे वडील म्हणाले, चांगल्या हॉटेलात एसी खोली घेऊ. नाना म्हणाले, धुळ्याला माझ्याकडे. आबांच्या आई तर म्हणाल्या, "माझ्या पोराले ज्यानं घर दिलं, तो हॉटेलात काहून राहीन?"

गाडी जळगाव स्टेशनला लागली दुपारी दोनला. सालेमचाचा पांढराशुभ्र झगा सावरत खाली उतरला. फलाटावर कुत्रंसुद्धा फिरत नव्हतं. झळ अशी की समोरचा सिग्नल हलताना दिसत होता. चाचाने एक पाऊल टाकलं. थांबला. डोक्याचा रुमाल तोंडावर ओढला. वर आभाळाकडे बघितलं. मग समोर हार घेऊन उभ्या आबांकडे, नानांकडे बघितलं.

आम्हाला वाटलं, ऑपरेशनचा माणूस, काही त्रास होतोय की काय!

तो माझ्याकडे वळला आणि म्हणाला, "अब समझा! तुम लोग हमारे निझवा में ठंडी हवा खाने आया था!"

दहा दिवस राहिला. कुठं? आबांच्या केळीच्या बागेत, खाटेवर. हॉटेलची खोली त्याने पाहिली सुद्धा नाही.

* * *

सात वर्षांनी आम्ही कायमचे परत आलो. माझी मुलगी पल्लवी निझव्याचीच. तिथल्याच दवाखान्यात झालेली, त्याच मातीच्या घरात रांगलेली, झैनबबाईंच्या मांडीवर खजूर खायला शिकलेली. आबा तिला नातीसारखं वागवायचे. पुढे दोन वर्षांनी जळगावला तिचं नाव पहिलीत घालायचं ठरलं, तेव्हा आबा त्यासाठी मुद्दाम रावेरहून एसटीने आले. कडक इस्त्रीचं धोतर, नवी टोपी.

शाळेच्या कचेरीत एक वयस्कर कारकून होते. चष्मा नाकाच्या टोकावर. मी जन्माचा दाखला पुढे केला. त्यांनी तो सरळ धरला, उलटा धरला.

"हे उर्दू का?"

"अरबी आहे साहेब. ओमानचा दाखला."

"मराठीत नाही का?"

"तिकडे मराठीत देत नाहीत."

"का?"

मी दुसरे कागद काढायला पिशवीत हात घातला. तोवर कारकुनांनी दाखला बाजूला ठेवला, मोठं रजिस्टर उघडलं, टाक दौतीत बुडवला आणि पल्लवीलाच जवळ बोलावलं.

"बाळ, तुझा जन्म कुठला?"

"निझव्याचा," पल्लवी खणखणीत म्हणाली.

"नि-झ-वा," कारकुनांनी लिहिलं. "तालुका?"

पल्लवी विचारात पडली. वळून आबांकडे बघितलं. आबा नुसतं तिच्याकडे बघून हसले.

"रावेर!" ती म्हणाली.

कारकुनांनी तालुका रावेर लिहिला आणि न विचारताच पुढच्या रकान्यात जिल्हा जळगाव भरला. मी घाईघाईने म्हणालो, "अहो साहेब, एक मिनिट—" पण आबांचा हात माझ्या खांद्यावर पडला. जड हात.

कारकुनांनी टाक खाली ठेवला. लिहिलेलं पुन्हा वाचलं. कपाळाला आठी पडली. चष्मा काढून पुसला.

"मी रावेर तालुक्यात नऊ वर्षं काढलीत," ते म्हणाले. "सगळी गावं माहीत आहेत मला. हे निझवा तापीच्या अल्याड का पल्याड?"

आबांनी टोपी सरळ केली.

"पल्याड," ते म्हणाले.